बाबांना कॉम्बिनेशनच्या ट्रायलमध्ये घालावं का?

प्रश्न थोडक्यात असा होता: "वडील ६६ वर्षांचे. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. २०१८ मध्ये मल्टिपल मायलोमा, म्हणजे हाडांच्या मज्जेतल्या पेशींचा कर्करोग, निघाला. बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड आणि डेक्सा (स्टिरॉइड) झालं, मग स्वतःच्याच पेशींचं ट्रान्सप्लांट, त्यानंतर लेनालिडोमाइडची गोळी. २०२२ मध्ये गोळी चालू असतानाच आजार उलटला. औषधं बदलली, दोनेक वर्षं बरी गेली, आता एम-बँड, म्हणजे रक्तातलं आजाराचं प्रथिन, पुन्हा चढतोय. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयाने ट्रायल सुचवली आहे. दोन औषधं सगळ्यांना, आणि निम्म्या लोकांना त्यावर तिसरं नवीन औषध. कुणाला मिळेल ते चिठ्ठीवर. मामा म्हणतात, प्रयोगाचे उंदीर करतील. भाऊ म्हणतो, तीन औषधं चांगली असतील तर चिठ्ठी कशाला, जमीन विकून तीनही देऊ. आम्ही काय करावं?"

ताई, आधी मामांचं बोलतो. इंदूरच्या माणसाने ट्रायल म्हटल्यावर दचकावं, यात नवल नाही. २०१०-११ च्या सुमाराला आपल्याच शहरात औषधचाचण्यांवरून जो गदारोळ झाला, तो माझ्या पिढीच्या डॉक्टरांनी जवळून पाहिलाय. कागदावर सही कशाची घेतली हे न कळलेली माणसं होती. प्रकरण विधानसभेत गेलं, इथल्याच एका संघटनेने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, २०१३ पासून नियम आवळले गेले आणि २०१९ मध्ये चाचण्यांसाठी स्वतंत्र नियमावलीच आली. आज ट्रायलला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीत किमान सात माणसं लागतात, त्यांतली निम्मी त्या संस्थेच्या बाहेरची, एक कायद्याचा जाणकार, एक साधा नागरिक. पेशंटला काही गंभीर झालं तर डॉक्टरने चोवीस तासांच्या आत कळवायचं असतं. मी अशा कमिटीवर काही वर्षं बसलोय. तिथे सगळ्यात अडचणीचे प्रश्न बहुतेक वेळा तो साधा नागरिकच विचारायचा, आम्ही डॉक्टर मंडळी डोसच्या तक्त्यात डोकं घालून बसलेलो असायचो.

तेव्हा मामांना सांगा की भीती खरी आहे, पण ती पंधरा वर्षांपूर्वीच्या व्यवस्थेची आहे. ट्रायल नोंदलेली आहे का, हे 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया'वर कुणालाही पाहता येतं. २००९ पासून ती नोंद सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक मागून घ्या. द्यायला का-कू केली तर माझं पुढचं उत्तर वाचायचीही गरज नाही.

आता भावाचं. त्याचा प्रश्न मामांच्या प्रश्नापेक्षा अवघड आहे, आणि या उत्तरातला बराचसा भाग त्यालाच उद्देशून आहे.

दोन-तीन औषधं एकत्र का द्यायची, याचं मूळ गणित टीबीमधून आलंय. एकटं स्ट्रेप्टोमायसिन दिलं की काही महिन्यांत जंतू त्याला दाद देईनासे व्हायचे. दुसरं औषध जोडलं की ते थांबायचं. तेच धोरण १९६० च्या दशकात अमेरिकेत फ्राय आणि फ्रायराइक या डॉक्टरांनी मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरलं, चार औषधं एकदम देऊन. तेव्हा त्यांच्यावर भरपूर टीका झाली. त्या चारांतलं मेथोट्रेक्झेट ज्या औषधकुळातलं, ते आपल्या आंध्रच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत घडलं, हे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. आज चांगल्या केंद्रांत त्या आजाराची दहातली जवळपास नऊ मुलं बरी होतात, त्याची सुरुवात तिथे आहे.

गणित असं. समजा अंगात मायलोमाच्या लाख कोटी पेशी आहेत. एका औषधाला न जुमानणारी पेशी दहा लाखांत एक असेल, तर ते औषध दिल्यावर दहा लाख पेशी वाचतात आणि पुन्हा वाढतात. दुसऱ्या औषधाला न जुमानणारीही दहा लाखांत एक धरली, तर दोन्हींना न जुमानणारी पेशी लाख कोटींत एखादीच उरते. कागदावर फारच सुंदर दिसतं हे.

पण हे गणित पहिल्या फेरीचं आहे. बाबांचा आजार दोनदा उलटलाय. आज त्यांच्या मज्जेत ज्या पेशी आहेत त्या आधीच्या औषधांच्या चाळणीतून खाली उतरलेल्या आहेत. त्यांतल्या काहींनी पेशी मरण्याचा रस्ताच बंद केलेला असतो, मग वरून कोणतंही औषध टाका, दार एकच आणि तेच लावलेलं. म्हणजे 'दहा लाखांत एक गुणिले दहा लाखांत एक' हा गुणाकार इथे चालत नाही. म्हणूनच उलटलेल्या आजारात कुठलं मिश्रण चालेल हे टेबलाशी बसून ठरवता येत नाही, माणसांत तपासावं लागतं.

आणखी एक गंमत आहे, जी आम्हा डॉक्टरांनाही उशिरा उमगली. दोन औषधांनी मिळून जास्त लोकांना फायदा झाला की आपण म्हणतो, वा, दोघांची जोडी जमली. पण २०१७ मध्ये पामर आणि सॉर्गर या संशोधकांनी बऱ्याच जुन्या चाचण्यांचे आकडे पुन्हा मांडून दाखवलं की अनेक मिश्रणांमध्ये औषधं एकमेकांना मदत करतच नाहीत. काही पेशंटना पहिलं लागू पडतं, काहींना दुसरं, आणि दोन्ही दिल्यामुळे प्रत्येकाला दोन संधी मिळतात, एवढंच. सरासरी सुधारते, पण एका माणसापुरतं पाहिलं तर कदाचित एकच औषध काम करत असतं आणि दुसरं नुसते दुष्परिणाम देत असतं. भावाला हे दोनदा वाचायला सांगा.

जिथे जोडी खरोखर जमते तिथेही ती कारणासकट जमते. डाराटुमुमॅब मायलोमाच्या पेशीवरची सीडी३८ नावाची खूण पकडतं आणि शरीराच्या शिपाई पेशींना 'ही बघा' म्हणून दाखवतं; लेनालिडोमाइड त्याच शिपायांना तरतरी आणतं. २०१६ मध्ये पोलक्स नावाच्या चाचणीत ५६९ पेशंट होते. वर्षाअखेर आजार न वाढलेले, तीन औषधांच्या गटात ८३ टक्के आणि दोन औषधांच्या गटात ६० टक्के. कॅस्टर या दुसऱ्या चाचणीत डाराटुमुमॅब बोर्टेझोमिबला जोडलं, तिथे ६१ विरुद्ध २७ टक्के. असा फरक आमच्या धंद्यात रोज दिसत नाही.

आता दुसरी बाजू. तीच मी घरच्यांना सगळ्यात जास्त वेळ देऊन सांगतो.

पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं गाजलेलं औषध. मायलोमात एकटं दिलं तर त्याचा विशेष प्रभाव दिसला नव्हता, पण लेनालिडोमाइड किंवा त्याच्याच कुळातल्या पोमालिडोमाइडसोबत लहान अभ्यासांत चांगला प्रतिसाद दिसला. तर्क वर दिलेल्या जोडीसारखाच पटणारा होता. मग मोठ्या चाचण्या लागल्या, चिठ्ठ्या टाकून. २०१७ मध्ये स्वतंत्र देखरेख समितीने मधला हिशेब पाहिला. पोमालिडोमाइडच्या चाचणीत नवीन औषध मिळालेल्या गटात २९ मृत्यू, न मिळालेल्यांत २१. लेनालिडोमाइडच्या चाचणीत १९ विरुद्ध ९. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोन्ही थांबवल्या. लहान अभ्यासांत तुलनेला गटच नव्हता, त्यामुळे हे आधी कुणाला दिसणं शक्य नव्हतं.

त्याहून बोलकं उदाहरण बेलिनी चाचणीचं. बोर्टेझोमिब आणि डेक्सा सगळ्यांना. २९१ पेशंटपैकी दोन तृतीयांशांना त्यावर व्हेनेटोक्लॅक्स हे तिसरं औषध, बाकीच्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. आजार आटोक्यात राहण्याचा मधला कालावधी साडेअकरा महिन्यांवरून २२.४ महिन्यांवर गेला, म्हणजे जवळपास दुप्पट. इथेच थांबलो असतो तर पेढे वाटले असते. पण मृत्यू मोजले तर व्हेनेटोक्लॅक्सच्या गटात १९४ पैकी ४१, आणि रिकाम्या गोळीच्या गटात ९७ पैकी ११. शेकड्यात २१ विरुद्ध ११. औषधाच्या गटात जंतुसंसर्गाने माणसं गेली. एम-बँड खाली, रिपोर्ट सुंदर, आणि पेशंट न्यूमोनियाने आयसीयूत. मार्च २०१९ मध्ये व्हेनेटोक्लॅक्सच्या मायलोमातल्या चाचण्यांमध्ये नवे पेशंट घेणं थांबवायला लावलं. नंतर बारकाईने पाहिल्यावर कळलं की ११ आणि १४ नंबरच्या गुणसूत्रांची अदलाबदल असलेल्या पेशंटमध्ये फायदा खराखुरा होता. म्हणजे औषध वाईट नव्हतं, सरसकट जोडणं वाईट होतं.

भावाला मी म्हणेन, तुझी जमीन विकून घेतलेलं तिसरं औषध पोलक्समधल्यासारखं निघेल की बेलिनीमधल्यासारखं, हे तुला माहीत नाही, मलाही माहीत नाही, आणि ते विकणाऱ्या कंपनीलाही नाही. चिठ्ठी त्यासाठीच असते. डॉक्टरच्या मनावर सोडलं तर तो धडधाकट पेशंटना नवीन औषध देतो आणि नंतर म्हणतो, बघा किती छान चाललं. आणि हो, 'रिकामी गोळी' ऐकून घाबरू नका. अशा चाचण्यांत ती उपचाराऐवजी देत नाहीत, उपचाराच्या वर देतात. बाबांना दोन औषधं कुठल्याही गटात मिळणारच.

मात्र ती दोन औषधं कोणती, हा तुमच्या पत्रातला हरवलेला तुकडा आहे, आणि सगळं त्यावर अडलंय. मायलोमात एखाद्या औषधावर असताना, किंवा शेवटच्या डोसनंतर ६० दिवसांच्या आत आजार वाढला, तर आम्ही म्हणतो की आजार त्या औषधाला निबर झालाय. बाबा लेनालिडोमाइडला निबर आहेत, तुमच्याच शब्दांत. आता समजा सगळ्यांना मिळणाऱ्या दोन औषधांत लेनालिडोमाइड असेल, तर ज्या गटाला तिसरं औषध नाही त्या गटात बाबांना मिळणार काय? न चालणारी एक गोळी आणि डेक्सा. पोलक्समध्ये लेनालिडोमाइडला निबर झालेल्यांना घेतलंच नव्हतं, ते याच कारणासाठी. उलट अपोलो नावाच्या चाचणीत बहुतेक पेशंट बाबांसारखेच होते. तिथे पाया पोमालिडोमाइडचा ठेवला आणि डाराटुमुमॅब जोडल्यावर आजार आटोक्यात राहण्याचा मधला कालावधी ६.९ वरून १२.४ महिने झाला. पाया प्रामाणिक असला तर कमनशिबी चिठ्ठीतही पेशंटचं नुकसान होत नाही. नवीन औषध चमकदार दिसावं म्हणून तुलनेचा गट मुद्दाम अशक्त ठेवलेल्या चाचण्याही मी पाहिल्यात. नावं घेत नाही.

तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: "साहेब, बाबा दोन औषधांच्या गटात गेले, तर त्या दोन्हींपैकी कशाला ते अजून निबर झालेले नाहीत?" उत्तर सरळ आलं की पुढे बोला. दुसरा प्रश्न, ट्रायल कोणत्या टप्प्याची. तुम्ही चिठ्ठीचं लिहिलंय म्हणून बहुधा दुसरा किंवा तिसरा टप्पा असेल. पहिल्या टप्प्यात तीन-तीन पेशंट घेऊन डोस चढवत जातात. तिघांपैकी एकाला सहन झालं नाही तर आणखी तिघांवर पाहतात, दोघांना झालं नाही तर तिथेच थांबतात. तिथला हेतू मुळात सहन होणारा डोस शोधण्याचा असतो, आजार हटवण्याचा नंतर. त्यात जाणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण हातात दुसरा चांगला उपाय असताना मी ६६ वर्षांच्या माणसाला तिथे पाठवत नाही.

तिसरं, काय मोजणार आहेत ते विचारा. हल्ली लाखात एक पेशी उरली तरी पकडणारी तपासणी आली आहे, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने मायलोमाच्या औषधांना लवकर मंजुरी देताना तिचा आधार घ्यायला एकमताने होकार दिला. चांगलंच आहे, निकाल लवकर लागतील. पण बेलिनी विसरू नका. मला अजूनही जिवंत माणसं मोजलेली बघायची असतात.

आता एक घरगुती गोष्ट, कारण मिश्रणाच्या चाचणीत खरा घोळ पुष्कळदा घरी होतो. देवासचे एक किराणा दुकानदार होते, एएमएल नावाचा रक्ताचा कर्करोग उलटलेला, व्हेनेटोक्लॅक्स आणि अॅझासिटिडीन चालू. खोकला आला म्हणून घराजवळच्या दवाखान्यात गेले. तिथे बुरशीसाठी पोसाकोनाझोल लिहून दिलं, चुकीचं नव्हतं, पण व्हेनेटोक्लॅक्स ४०० मिलिग्रॅमच चालू राहिलं. पोसाकोनाझोलबरोबर ते ७० वर आणावं लागतं, कारण यकृतातला जो रस्ता व्हेनेटोक्लॅक्सची विल्हेवाट लावतो तोच हे औषध अडवतं. रक्तातल्या पेशींचे काउंट तळाला गेले. एकोणीस दिवस दाखल होते. वाचले, पण घरच्यांनी सराफ्यात जुना दागिना मोडला. ग्रेपफ्रूट आणि त्याचा भाऊबंद चकोतरा, म्हणजे आपलं पपनस, तेही हाच रस्ता अडवतात. प्रयोगशाळेत ग्रीन टीमधला एक घटक बोर्टेझोमिबला निकामी करताना दिसलाय. आणि गुळवेल: २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्या काढ्याने यकृत बिघडलेले पेशंट नोंदवले. बाबांना कुणी काढा, चूर्ण, 'प्रतिकारशक्तीचं' काही आणून देत असेल तर ते ट्रायलवाल्यांना सांगायलाच हवं. लपवलं तर दोष नव्या औषधावर जातो, किंवा बाबांच्या जिवावर.

खर्चाचं थोडक्यात. ट्रायलचं औषध आणि ट्रायलसाठीच्या तपासण्या फुकट असतात. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत, आणि त्यामुळेच मृत्यू झाला तर भरपाई ८ लाखांच्या मूळ रकमेवरून वय आणि आजाराची अवस्था पाहून सूत्राने ठरते. मधूनच बाहेर पडायचा हक्क आहे, कारण न देता, आणि त्याने नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. संपल्यावर औषध चालू ठेवायची गरज असेल तर ते मिळेल का, हे सहीआधी लेखी विचारा. न दिसणारा खर्च प्रवासाचा: पहिले दोन-तीन महिने दर आठवड्याला बोलावतात. अवंतिका एक्सप्रेसने संध्याकाळी निघून सकाळी मुंबई, तपासणी, परत रात्रीची गाडी, असं तरुण मुलाला जमतं. ठिसूळ मणक्यांच्या माणसाला नाही. औषधाच्या पहिल्या दोन सायकलपुरती, म्हणजे फेऱ्यांपुरती, तिथेच खोली बघा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरच्या पेशंटना जागा देतात, पण रांग असते, आधी चौकशी करा.

सीएआर-टीचंही, म्हणजे पेशंटच्याच शिपाई पेशी बदलून परत देण्याच्या उपचाराचंही, तुमच्या मनात येईल, हल्ली सगळ्यांच्याच येतं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या प्रयत्नातून आलेली, २०२३ मध्ये मंजूर झालेली आपली देशी थेरपी बी-पेशींच्या लिम्फोमा-ल्युकेमियासाठी आहे, मायलोमासाठी नाही. त्यातली खूण वेगळी. व्हॉट्सअॅपवर फिरणारा तो व्हिडिओ बाबांना लागू नाही.

माझं मत विचाराल तर: पाया चालणाऱ्या औषधांचा असेल, क्रिएटिनिन आणि प्लेटलेट ट्रायलच्या अटींत बसत असतील, आणि आठवड्याचं जाणं-येणं झेपणार असेल, तर मी माझ्या वडिलांना घातलं असतं. पाया लेनालिडोमाइडचा असेल तर घातलं नसतं. इंदूरलाच पोमालिडोमाइड धरून दुसरं मिश्रण सुरू केलं असतं. आणि तिसरं औषध बाहेरून विकत घेऊन आपल्या मनाने जोडणं, हे दोन्हींपैकी कशातच बसत नाही. तुमच्या पत्रात मामांचं आणि भावाचं मत आहे, बाबांचं नाही. सही त्यांची लागते. संमतीपत्र मराठीत किंवा हिंदीत मागा, घरी आणा, त्यांना चष्मा लावून निवांत वाचू द्या. घाई करणारा माणूस भेटला तर त्याला सांगा, डॉक्टर म्हणाले दोन दिवस लागतील.

जाताना २०१८ चा मज्जेचा रिपोर्ट आणि गुणसूत्रांची फिश तपासणी शोधून न्या. ११-१४ ची अदलाबदल किंवा १७ नंबरचा तुटलेला तुकडा आहे का, हे त्यात असतं. सापडला नाही तर मज्जा पुन्हा काढतील. बाबा कुरकुर करतील, पण सात वर्षांत त्या पेशी बदललेल्या असणार, जुना रिपोर्ट सापडला तरी मी नवा मागितलाच असता. तारीख ठरली की औषधांची यादी मला पाठवा, त्यात रक्त पातळ करणारं एखादं औषध आहे का तेवढं बघतो. मज्जा काढण्याआधी ते थांबवायचं की नाही, हे ठरवावं लागेल.